डॉक्टर फोनमा शे

लोणपिंप्री, ता. शहादा
१२ जानेवारी २०२५

माझी रुचिका,

आज मी इतकी खूश आहे, की सकाळी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर टाकायची विसरले. बिनसाखरेचा प्याले, तरी गोडच लागला.

फोन तू करतेस, पण त्यात मला नुसती शिट्टी ऐकू येते. मी आपली "हो हो" करते. मागच्या खेपेला तू काय विचारलंस आणि मी कशाला हो म्हटलं, देव जाणे. पत्र बरं, पुन्हा वाचता येतं. मी तिसरीपर्यंतच गेले, पण पत्र शाळेच्या भाषेत लिहायचं, घरच्या बोलीत नाही, हे आमच्या मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं. मधेच कुठे अहिराणी घुसली तर हसू नको.

तर काल मी गच्चीवर मिरची पसरत होते. यंदा मिरची अशी लाल आली आहे की बघत राहावं, पण ठसका फार. नेहमीसारखी कामाला आलेली फुलीबाई देठं तोडत होती आणि आम्ही दोघी शिंकत होतो. तेवढ्यात नवनीत वर आला, आपल्या भाऊबंदातला, बसस्टँडवर मोबाइलचं दुकान आहे तो. त्याने मोबाइल पुढे केला. पांढरा कोट, गळ्यात छाती तपासायची नळी, केस वर बांधलेले. मी म्हटलं, "हाई कोन?" तो म्हणे, "ओ आजी, तुन्हीच नात शे! डॉक्टरीन व्हई गई ना ती!"

अगं, मी त्या मिरचीच्या हातांनीच डोळे पुसले. मग काय विचारतेस! फुलीबाईने माझं तोंड हौदात धरलं. रडू कशाचं आणि मिरची कशाची, कळेना.

तुझा बाप हिंमत सुरतेहून फोनवर मोठ्याने म्हणाला म्हणे, की ती नर्स आहे, आई. मी म्हटलं, असेल आधी, आता झाली असेल. माणूस वर चढतोच की. नवनीत म्हणतो, सव्वीस जानेवारीला बसस्टँडवर तुझा बॅनर लावू. मी हो म्हटलं. या वेळी नीट ऐकून म्हटलं.

घरात मी एकटी, पण आज घर भरल्यासारखं वाटतं. ज्वारीच्या बिबड्या पाठवते. तळून खा, कच्च्या खाऊ नको.

तुझी आजी
प्रमिलाबाई


विसरवाडी
१८ जानेवारी

आजी,

तुझं पत्र जिन्यात बसून वाचलं. मिरचीचं वाचून मोठ्याने हसले, मग लक्षात आलं की इथे आल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसतेय. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. खिडकीतून हायवे दिसतो. सुरतेकडे जाणारे ट्रक बघते आणि बाबा आठवतात, धुळ्याकडे जाणारे बघते आणि कोणी आठवत नाही.

आजी, मी डॉक्टर नाही. मी नर्स आहे. तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन, सरकारदरबारी नोंद झालेली नर्स. तो कोट हॉस्पिटलचा आहे. आमच्या डॉक्टर सरांचं दुसरं हॉस्पिटल नंदुरबारला आहे आणि ते बहुतेक तिकडेच असतात. ते नाहीत म्हणून पेशंट परत जाऊ नयेत, यासाठी ते आम्हा नर्सना डॉक्टरांचा कोट घालायला लावतात. मग सर मोबाइलवर व्हिडिओ लावून सांगणार आणि आम्ही करायचं.

डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेलं इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, पेशंटवर नजर ठेवणं हे माझं काम. पण काय द्यायचं ते ठरवणं, टाके घालणं, पाठीत भूल देणं हे माझं नाही. ते मला शिकवलेलंच नाही. परवा मी नाही म्हटलं, तर सर म्हणाले, "गायत्री करते, तुलाच काय जड जातं?" गायत्री माझ्याबरोबरची नर्स. ती करते खरी, पण नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसते.

काळजी करू नको. फक्त कोणाला डॉक्टर म्हणून सांगू नको. बॅनर तर मुळीच नको.

बिबड्या कच्च्याच खाल्ल्या.

रुचिका


लोणपिंप्री
२७ जानेवारी

माझी रुचिका,

तुझं पत्र दलसिंग पोस्टमनने आणलं तेव्हा बॅनर छापून आला होता. छापलेलं परत घेत नाहीत, मी विचारलं.

आता ऐक कसा लागला तो. बसस्टँडच्या पिंपळाला, रस्त्यावरून दिसेल असा. "आपल्या गावची कन्या डॉ. रुचिका हिंमतराव पाटील हिचे हार्दिक अभिनंदन." मधोमध तू कोटातली. खाली नवनीत आणि त्याच्या मित्रांचे फोटो, काळे चष्मे घालून, जसं काही तेच शिकले. आणि कोपऱ्यात मी! शुभेच्छुक, आजी. फोटो आधार कार्डावरचा घेतलाय, त्यात मी चोर पकडून आणल्यासारखी दिसते. सकाळी चहावाला सुपडू धावत आला. "ओ प्रमिलामाय, तू जित्ती शे ना? बॅनरवर तुन्हा फोटू दखा अन् माले वाटनं, म्हातारी गई!" मी म्हटलं, "मेल्या, हार दखाय का तुले त्यावर?" सगळा स्टँड हसला. किती दिवसांनी माझ्याशी इतकी माणसं एकदम बोलली!

तुझं म्हणणं वाचलं. पण तू लहानपणापासून अशीच. वर्गात पहिली आलीस तेव्हा म्हणालीस, पेपरच सोपा होता. तुझ्या सरांनी तुला काम सांगितलं म्हणजे त्यांचा तुझ्यावर भरवसा आहे. ती गायत्री करते, मग तू का मागे राहतेस? तू घाबरट आहेस, हे मी नाही, तुझी आईच म्हणायची. हात चालवत राहिलं की येतं. मला तरी खापरावरची पुरणपोळी कोणी शिकवली? पहिल्या दहा फाटल्या.

आणि एक. फुलीबाईची लेक रुपा विसरवाडीजवळच्या पाड्यावर दिलेली आहे, ठाऊक आहे ना? तिला दुसऱ्या वेळचे दिवस भरत आलेत. पहिल्या खेपेला पोट कापलं होतं, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात. या वेळीही तिकडेच नाव घातलंय म्हणे. मी फुलीबाईला म्हटलं, घरची डॉक्टरीण असताना परक्याकडे कशाला? तिला इतका आनंद झाला, की माझ्या पाया पडायला लागली. मी रुपाला निरोप पाठवला आहे. तिला जप. माझ्या शब्दावर येते आहे.

तुझी आजी


विसरवाडी
३ फेब्रुवारी

आजी,

घाईत लिहिते आहे. रुपाला इथे येऊ देऊ नको. तिला चिंचपाड्यालाच जायला सांग. पत्र मिळाल्या मिळाल्या फुलीबाईला सांग. मी रुपाच्या पाड्यावर फोन करायचा प्रयत्न केला, नंबर लागत नाही. नवनीतलाही फोन केला. तो म्हणाला, "सांगतो, सांगतो, आणि बॅनर कसा वाटला?"

बॅनरचा फोटो त्याने हॉस्पिटललाही पाठवला, आजी. सरांनी तो मोठा करून रिसेप्शनच्या भिंतीवर लावला आहे. मला म्हणाले, "तुझं अख्खं गाव तुला डॉक्टर म्हणतं. आता कशाला लाजतेस?" उद्या कोणाचं बरंवाईट झालं तर ते म्हणतील, हीच स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत होती, हा बघा पुरावा. माझी नोंदणी जाईल. मग मी नर्सही राहणार नाही. ते नोंदणीचं ओरिजनल सर्टिफिकेट सरांच्या कपाटात आहे, नोकरीला लागले तेव्हा ठेवून घेतलं.

तू मला घाबरट म्हणालीस. हो, मी घाबरते. ज्याला सुई कुठे थांबवायची ते ठाऊक नाही, त्याने घाबरायलाच हवं.

बॅनर काढ. माझ्यासाठी काढ.

रुचिका


लोणपिंप्री
४ फेब्रुवारी

माझी रुचिका,

तुझं पत्र नाही, पण मला राहवेना. रुपाकडून निरोप आला, की ती चिंचपाड्याला जाणार नाही, तुझ्याकडेच येणार. तिची सासू रेवाबाई आधी ऐकत नव्हती. शेवटी तिला मोबाइलवर बॅनर दाखवला, तेव्हा मऊ झाली. बघ, कामाला आला की नाही!

फुलीबाई सोबत लाडू देणार आहे. डिंक घरचा आहे, मी दिला. बाळंतिणीसाठी आहेत, तू संपवू नको.

मी रोज स्टँडवर जाऊन बसते. बस येते, माणसं उतरतात, बॅनर वाचतात. वाचणाऱ्याला मी सांगते, ही माझी नात. मग ती माणसं आपापल्या घरी जातात आणि मी माझ्या.

आजी


विसरवाडी
११ फेब्रुवारी

आजी,

रुपा जिवंत आहे. बाळही. मुलगी झाली. आधी हे वाच आणि मग बाकीचं.

शुक्रवारी सकाळी रुपा जीपने आली. कळा सुरू झाल्या होत्या. बरोबर रेवाबाई. मला कोटात बघून रुपा इतक्या दुखण्यातही हसली. सर नंदुरबारला होते. व्हिडिओवर म्हणाले, "कळा मंद आहेत. सलाइनमध्ये कळा वाढवायचं औषध सोड. मी निघालोच."

मी म्हटलं, "सर, पहिलं सीझर आहे."

"मला कळतं. डॉक्टर मी आहे. तू फक्त हात चालव."

"मग तुम्ही येऊन तपासा, लिहून द्या आणि समोर उभे राहा. सलाइन मी लावते."

ते म्हणाले, "भिंतीवर बघ काय लिहिलंय. सगळ्या जगाला तू डॉक्टर, आणि माझ्यापुढेच तेवढी नर्स?"

मी फोन उलटा ठेवला. कोट काढून खुर्चीवर टाकला आणि रुपाला सांगितलं, "मी डॉक्टर नाही. नर्स आहे. आत्ता इथे डॉक्टर कोणीच नाही. तुला चिंचपाड्याला नेते." तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "आजीबाई खोटं बोलनी का मंग?" मी म्हटलं, आजीचं चुकलं. दुसरं काय सांगणार होते?

रेवाबाई मात्र भडकली. तिला वाटलं, आम्ही पाटलांची माणसं, पाड्यावरच्या बाईला हात लावायचा नाही म्हणून काढून देतोय. "आमले हात लावाले तुले लाज वाटस का?" असं ती सगळ्यांसमोर ओरडली. आजी, मी त्या वेळी रुपाच्या पोटावर हात ठेवूनच उभी होते.

एकशे आठची गाडी आली. मीही त्यात बसले. गाडीभर रेवाबाई माझ्याकडे पाठ करून बसली होती. चिंचपाड्याच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑपरेशन केलं. बाहेर येऊन त्या रेवाबाईला म्हणाल्या, जुना टाका आतून कागदासारखा पातळ झाला होता. कळा वाढवल्या असत्या तर फाटला असता. रेवाबाईने माझ्याकडे बघितलं नाही.

परत आले तर सर आले होते. ओरडले नाहीत. एक कागद पुढे केला, की सांगतील ते सगळं काम मी करीन. सही केली तर ड्यूटी. नाहीतर सर्टिफिकेट कपाटातच राहील. ते हातात नसेल तर मला दुसरीकडे कोणी घेणार नाही.

सही केली नाही. वरच्या खोलीत बसून आहे. गायत्री डबा दाराशी ठेवते आणि कोणी बघायच्या आत जाते.

रुचिका


लोणपिंप्री
१७ फेब्रुवारी

रुचिका,

तुझं पत्र वाचलं. उठून पाणी प्याले आणि पुन्हा वाचलं. आधीचं, तीन तारखेचंही मिळालं होतं, पण ते हातात पडलं तेव्हा रुपा निघून गेली होती. मी नवनीतला पाड्यावर धाडलं. तो अर्ध्या वाटेतून परत आला, गाडी पंक्चर झाली म्हणाला.

फुलीबाईला तिकडचं माझ्या आधी कळलं होतं. चार दिवस ती आली नाही. मिरची तशीच गच्चीवर. पाचव्या दिवशी आली, पण उंबऱ्याच्या आत येईना. म्हणाली, "तुन्ही नातनी मन्ही रुपाले हात बी लावा नही." माझ्या घरात तीस वर्षं जेवलेली बाई, गं.

मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. "आजीचं चुकलं" हेही वाचलं. वगळता आलं असतं, तिला कुठे वाचता येतं? पण वाचलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तठे डॉक्टर कोन व्हतं?"

"कोनीच नव्हतं."

"अन् तू बॅनर लावं!"

तेवढं म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने लेकीकडे गेली.

मग मी बांबूला विळा बांधला आणि स्टँडवर गेले. नवनीत म्हणे, आजी, मी काढतो, संध्याकाळी. मी म्हटलं, तुझी संध्याकाळ मी पाहिलीय. चार दोऱ्या कापायच्या होत्या, हात पुरेना. सुपडूने टेबल दिलं, पण आधी विचारलंच, "काय व्हयनं? पोरगी नापास व्हई गई का?" मी म्हटलं, "नही. पास व्हई गई." तो बघतच राहिला. मी टेबलावर चढले आणि चारही दोऱ्या कापल्या.

मी तुला हात चालव म्हटलं होतं. तुझ्या सरांनीही तेच म्हटलं. तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्या तोंडाने बोलतो की मी त्याच्या?

सही करू नको. मला रोज वाटतं, लिहावं की सगळं सोडून घरी ये, मला करमत नाही. पण ते सर्टिफिकेट सोडून ये असं म्हणणार नाही. तीन वर्षांची मेहनत आहे तुझी.

आता स्टँडवर जात नाही. घरात भांडं पडलं तर बरं वाटतं, काहीतरी वाजलं.

आजी


विसरवाडी
३ मार्च

आजी,

सर्टिफिकेट माझ्या हातात आहे. उशाखाली ठेवून झोपते.

तू फुलीबाईला पत्र वाचून दाखवलंस ना, ते तिने जाऊन रुपाच्या घरी सगळं सांगितलं. परवा सकाळी खाली गडबड ऐकू आली म्हणून खिडकीतून बघितलं. हॉस्पिटलच्या पायरीवर रेवाबाई आणि फुलीबाई बसलेल्या. रुपा आणि बाळ घरी होती. या दोघी भाकरी बांधून आल्या होत्या, म्हणजे दिवसभराचा बेत. दोघींची बोली वेगळी, तरी अहिराणीत भागवत होत्या. जी जीप थांबे, तिच्यातल्या माणसांना रेवाबाई सांगे, "डॉक्टर आठे नही शे. डॉक्टर फोनमा शे."

भांडण नाही, शिवी नाही. तेवढंच वाक्य. लोक आत येऊन रिसेप्शनवर विचारायचे, "डॉक्टर आहेत का?" आणि रिसेप्शनवाली खोटं बोलताना अडखळायची. एक ट्रकवाला म्हणाला, "मग मी गोळी पण फोनवरच घेतो," आणि गाडी काढून गेला. सरांनी वॉचमनला त्यांना उठवायला सांगितलं. रेवाबाईने त्याला विचारलं, "तुन्ही बायको आठे आनशी का?" तो परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. दुपारी सरांनी कंपाउंडरबरोबर माझ्या सर्टिफिकेटचं पाकीट वर पाठवलं. भेटले नाहीत. मी खाली जाऊन रेवाबाईच्या पाया पडले, तर ती पाय मागे घेऊन म्हणाली, "आते जाय. आठे ऱ्हाऊ नको." माफी तिनेही मागितली नाही, मीही नाही.

गायत्री जिन्यात उभी होती. म्हणाली, "माझंही त्याच कपाटात आहे." मी म्हटलं, चल, आत्ताच मागू. तिने नको म्हणून मान हलवली आणि वॉर्डात गेली. कोट घालूनच.

आजी, धडगावला सरकारी दवाखान्यात कंत्राटावर जागा मिळाली आहे. नर्सची. अर्ज इथूनच झेरॉक्सवर केला होता, ओरिजनल दाखवायचं तेवढं राहिलं होतं. लगेच हजर व्हायचं आहे, मधे घरी येता येणार नाही. होळीलाही नाही. इथून घर चार तासांवर होतं, तरी मी आले नाही. आता तर डोंगरात. तू रागावशील असं वाटतं. तू रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिही.

रुचिका


लोणपिंप्री
१६ मार्च

माझी रुचिका,

रागावले. दोन दिवस रागावले, मग कोणावर रागावायचं ते सुचेना. घरात मीच.

होळी झाली. पोळ्या केल्या, सवयीने जास्तच झाल्या. फुलीबाईला दिल्या. ती परत येते आता, पण पहिल्यासारखं बोलत नाही. देठं तोडते, शिंकते, जाते. परवा मात्र आपणहून म्हणाली, की तिच्या नातीला रुपासारखंच नाक आहे. मी म्हटलं, बरं झालं. तेवढंच बोलणं, पण मला रात्रीपर्यंत पुरलं.

तिकडे थंडी असेल, अंगावर घे. डोंगरातली होळी मोठी असते, ढोल रात्रभर वाजतात, असं ऐकून आहे. झोप लागली का? तुझ्या हाताखाली किती माणसं, की तू कोणाच्या हाताखाली? तपासायला डॉक्टर खरोखर असतात ना? समोर? हे आधी लिही, बाकीचं नंतर.

काल तुला पत्राचं पाकीट आणायला स्टँडवर गेले. खूप दिवसांनी. बाकावर एक बाई बसली होती, प्रकाशा गावाकडची, अंगावर चांगली साडी. मोठ्याने बोलायची, मला सगळं ऐकू आलं. तिने आपल्या जावयाचं सांगितलं, इंजिनिअर आहे, पुण्याला असतो. मग मला विचारलं, "तुमचं कोण आहे?"

मी म्हटलं, नात आहे. धडगावला नर्स आहे.

ती म्हणे, "नुसती नर्स?"

मी म्हटलं, सरका जरा, बसू द्या, सांगते. आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. तिची बस आली, थांबली, कंडक्टरने हाक मारली. मी तिचा हात धरला होता. बस तिला सोडून निघून गेली, आणि माझं अजून अर्धंही झालं नव्हतं.

तुझी आजी